गाळ कुठे न्यायचा?

१९८१ साली अमेरिकेतल्या माँटाना राज्यात, मिलटाऊन नावाच्या छोट्या वस्तीत पिण्याच्या पाण्याची तपासणी झाली आणि विहिरींत आर्सेनिक सापडले. तेही त्या वेळच्या कायदेशीर मर्यादेच्या कितीतरी पट. वस्तीत आर्सेनिक वापरणारा एकही कारखाना नव्हता. क्लार्क फोर्क आणि ब्लॅकफूट या दोन नद्यांचा संगम, संगमावर एक जुने लाकडी धरण, शेजारी लाकूड कापण्याची गिरणी, आणि सभोवार डोंगर. पाणी दिसायला नितळ. आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही, त्यामुळे ते किती वर्षांपासून लोकांच्या पोटात जात होते हे कुणालाच कळलेले नव्हते.

मग हे आले कुठून? उत्तर धरणाच्या पाण्याखाली होते. तिथे साचलेल्या गाळाचे नमुने माँटाना विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ जॉनी मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. त्या गाळात आर्सेनिक होते, तांबे होते, जस्त, शिसे आणि कॅडमियमही होते. आणि हा सगळा माल तिथे नदीवाटे आला होता, सुमारे दोनशे किलोमीटर वरून.

नदीच्या उगमाकडे ब्यूट नावाचे गाव आहे. १८६० च्या दशकात तिथे सोने मिळाले, मग चांदी, आणि १८८० नंतर तांबे. तो काळ विजेच्या तारांचा, डायनॅमोचा, टेलिफोनचा. जगाला तांबे हवे होते आणि ब्यूटच्या डोंगरात ते अमाप होते. मार्कस डेली या खाणमालकाने जवळच अॅनाकाँडा हे गाव वसवून तांबे गाळण्याच्या अजस्र भट्ट्या उभारल्या. दगड फोडायचा, दळायचा, त्यातले तांबे काढून घ्यायचे आणि उरलेला चुरा ओढ्यात सोडून द्यायचा, असा तेव्हाचा सरळ हिशेब होता. सिल्व्हर बो नावाच्या ओढ्याने तो चुरा वर्षानुवर्षे वाहून नेला. या ओढ्यातले मासे गेले ते शंभर वर्षे परतले नाहीत.

१९०८ च्या जून महिन्यात या खोऱ्यात आजवर नोंदला गेलेला सर्वांत मोठा पूर आला. ब्यूट आणि अॅनाकाँडाच्या आसपास साचलेला खाणीचा चुरा त्या पुराने उचलला आणि क्लार्क फोर्कच्या दोन्ही काठांवर, कुरणांत, वळणावळणांवर पसरत खाली नेला. योगायोग असा, की विल्यम क्लार्क या दुसऱ्या तांबेसम्राटाने आपल्या लाकूडगिरणीला वीज पुरवण्यासाठी मिलटाऊनचे धरण त्याच्या काही महिनेच आधी पुरे केले होते. पाणी अडले, संथ झाले आणि हातातले ओझे खाली ठेवून पुढे गेले. पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षे हेच चालू राहिले. शेवटी जलाशयात सुमारे ५० लाख घनमीटर गाळ साठला होता.

धरण गाळाला थोपवते, म्हणजे विषही थोपवते, मग ते तिथेच पडून राहिले तर बिघडले काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. मिलटाऊनमध्येही पुष्कळांना तो पडला. पण गाळ पाण्याखाली गाडला गेला म्हणजे तो निपचित पडला असे होत नाही. नदीच्या वाहत्या, हवेशीर पाण्यात आर्सेनिक लोखंडाच्या गंजाला घट्ट चिकटून असते. म्हणजे ते कणांवर असते, पाण्यात नसते. जलाशयाच्या तळाशी मात्र पालापाचोळा कुजत असतो आणि त्याला कुजवणारे जिवाणू आधी सगळा प्राणवायू संपवतात. तो संपला की ते लोखंडाच्या गंजाकडे वळतात. गंज विरघळतो आणि त्याला चिकटलेले आर्सेनिक मोकळे होते. वर धरणाच्या पाण्याचा दाब असतोच. तो दाब हे आर्सेनिकयुक्त पाणी तळातून खालच्या वाळू-गोट्यांच्या थरात ढकलतो, आणि त्याच थरात लोकांच्या विहिरी असतात. मिलटाऊनमध्ये नेमके हेच झाले होते. धरणाने आर्सेनिक नदीतून उचलून विहिरीत नेऊन ठेवले होते.

मूर यांनी सॅम्युएल ल्युओमा यांच्यासोबत १९९० मध्ये एक लेख लिहिला. त्यात त्यांनी क्लार्क फोर्कच्या अनुभवावरून खाणींच्या प्रदूषणाचे तीन टप्पे मांडले. पहिला टप्पा खाणीजवळचा आणि भट्टीजवळचा. दुसरा, नदीने आणि वाऱ्याने तिथून उचलून दूरवर नेऊन टाकलेला. तिसरा, त्या दूरच्या साठ्यांतून पुन्हा पुन्हा सुटत राहणारा. मला ही मांडणी फार मोलाची वाटते, कारण आपण बहुतेक वेळा पहिल्या टप्प्याशीच भांडत असतो. कारखान्याचा नळ बंद झाला की लढाई जिंकली असे समजतो. अॅनाकाँडाची भट्टी १९८० साली बंद झाली. मिलटाऊनच्या विहिरींतले आर्सेनिक त्यानंतर सापडले आहे.

तिसरा टप्पा कसा चालतो हे पाहायचे असेल तर नदीच्या वरच्या अंगाला, काठावरच्या कुरणांत जावे लागे. १९०८ च्या पुराने टाकलेल्या चुऱ्याचे तिथे उजाड चट्टे होते. आजूबाजूला गुडघाभर गवत, आणि मध्येच अंगणाएवढी जागा अशी की तिच्यात गवताची काडी नाही, गांडूळ नाही, मुंगी नाही. उन्हाळ्यात जमिनीतला ओलावा वर चढे, उडून जाई आणि मागे निळसर हिरव्या क्षारांची साय धरे. द्राक्षबागायतदारांना हा रंग ओळखीचा आहे. बोर्डो मिश्रणासाठी आपण जे मोरचूद कालवतो, ते हेच तांब्याचे सल्फेट. मोरचूद बुरशीला मारते म्हणून आपण ते वापरतो. पण कडक उन्हाळ्यानंतर वळवाची एखादी सर या चट्ट्यांवर कोसळली, की सगळी साय विरघळून काही मिनिटांत नदीत उतरे आणि ट्राउट मासे उलटे होऊन तरंगू लागत.

तांब्याने मासा मरतो तो कल्ल्यांमुळे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात मीठ असते आणि भोवतालच्या पाण्यात ते जवळजवळ नसते. त्यामुळे मासा कल्ल्यांतून सतत मीठ आत खेचत असतो. तांबे कल्ल्यांवर बसते आणि ही यंत्रणा बंद पाडते. माशाच्या अंगातले मीठ झिरपत जाते आणि तो मरतो. प्रमाण त्याहून कमी असेल तर मासा जगतो, पण त्याचे नाक बधिर होते. ट्राउटला अंडी घालायला जिथे जन्म झाला त्या ओढ्याकडे परतायचे असते, शत्रूची चाहूल घ्यायची असते, आणि ही दोन्ही कामे बरीचशी वासावर चालतात. असा मासा मेलेल्यांच्या मोजणीत येत नाही. नदीतली पुढची पिढी मात्र घटते.

अमेरिकेने १९८० साली एक कायदा केला होता. सुपरफंड या नावाने तो ओळखला जातो. प्रदूषण ज्या काळात केले त्या काळी ते बेकायदा नव्हते, ही सबब या कायद्यापुढे चालत नाही. मूळ कंपनी विकली गेली असली तरी जबाबदारी विकत घेणाऱ्याकडे येते. अॅनाकाँडा कंपनी १९७७ मध्ये आर्को या तेलकंपनीने विकत घेतली होती. म्हणजे भट्टी चालवून आर्कोला पैसे मिळवता आले ते मोजून काही वर्षे, पण साफसफाई करावी लागली ती शंभर वर्षांची. मिलटाऊनचा जलाशय १९८३ मध्ये या कायद्याखाली आला. आता काहीतरी होईल असे लोकांना वाटले. प्रत्यक्षात पुढची वीस वर्षे अभ्यासात गेली.

त्या अभ्यासांचा सूर साधारण असा होता, की गाळ हलवला तर पाणी गढूळ होईल, विष खाली मिसूला शहराकडे जाईल. त्यापेक्षा धरण मजबूत करावे, वस्तीला दुसरीकडून पाणी द्यावे आणि गाळाला हात लावू नये. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. गाळ उपसताना नद्यांचे नुकसान झाल्याची उदाहरणे आहेत. पण १९९६ च्या फेब्रुवारीत ब्लॅकफूट नदीतून बर्फाचे प्रचंड तुकडे वाहत आले. ते धरणावर आदळू नयेत म्हणून जलाशयाची पातळी घाईने उतरवावी लागली. उतरत्या पाण्याने तळ खरवडला, धरणाखाली तांब्याचे प्रमाण एकदम वाढले आणि खालच्या अंगाला ट्राउटची संख्या घसरली. गाळाला हात न लावण्याचा निर्णय आपल्या हातात नाही, बर्फ आणि पूर तो आपल्या वतीने केव्हाही मोडतील, हे त्या आठवड्यात सगळ्यांना कळले.

त्यानंतर चित्र पालटले. १९९८ मध्ये बुल ट्राउट हा मासा धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत गेला. तो पाण्याच्या थंडाव्याबद्दल फार काटेकोर असतो आणि अंडी घालायला डोंगरातल्या ओढ्यांकडे चढतो. तिथल्या सॅलिश आदिवासींसाठी हा संगम म्हणजे पिढ्यान्पिढ्या मोठ्या बुल ट्राउटची जागा. धरणाला माशांसाठी वाट नव्हती. धरणाच्या पायथ्याशी येऊन अडलेले मासे वन्यजीव खात्याची माणसे पकडत, टाकीत घालत आणि ट्रकने वर नेऊन सोडत. क्लार्क फोर्क कोअॅलिशन ही नागरिकांची संघटना १९८५ पासून काम करत होती. तिने धरण काढा, नदी परत आणा अशी मागणी लावून धरली. मिसूलात गाड्यांच्या मागे ही मागणी स्टिकरांवर छापलेली दिसू लागली, आणि सरकारकडे हजारो लोकांनी लेखी मते पाठवली. मासेमारीची हौस असलेले, सॅलिश आणि कूटेनाय आदिवासी, विद्यापीठातले लोक, शहरातले व्यापारी, असे एरवी एका मताचे नसणारे सगळे यात होते. डिसेंबर २००४ मध्ये निर्णय झाला: धरणही काढायचे आणि सर्वांत विषारी गाळही.

क्रम चुकला असता तर सगळे नदीत गेले असते. म्हणून आधी २००६ मध्ये जलाशय हळूहळू उतरवला. मग नदीसाठी बाजूने नवा पाट खणला आणि क्लार्क फोर्कला त्यात वळवले. ज्या भागातला गाळ सर्वांत वाईट होता तो भाग असा कोरडा पाडला. २००७ च्या शरदात पहिली मालगाडी भरली आणि पुढची दोन वर्षे गाड्या जात राहिल्या. सुमारे १७ लाख घनमीटर गाळ उचलला गेला. म्हणजे एकूण साठ्याच्या साधारण एक तृतीयांश. उरलेला, कमी विषारी गाळ जागेवरच ठेवला. काम चालू असताना २८ मार्च २००८ रोजी धरणाला खिंडार पाडले आणि दोन्ही नद्या शंभर वर्षांनी मोकळ्या वाहिल्या. पहिल्या वर्षी अंदाजापेक्षा जास्त गाळ वाहून गेला, हेही नोंदवले पाहिजे. गणिती प्रारूपांना ब्लॅकफूटच्या बाजूचा तळ इतका खरवडला जाईल असे वाटले नव्हते.

आता या प्रकरणाचा सर्वांत अवघड भाग. त्या मालगाड्या गेल्या कुठे? नदीच्या वरच्या अंगाला, सुमारे १४५ किलोमीटरवर, अॅनाकाँडाजवळ ऑपॉर्च्युनिटी नावाचे गाव आहे. भट्टीतल्या कामगारांना घर आणि बागेपुरती जमीन मिळावी म्हणून कंपनीनेच ते वसवले. गावाशेजारी भट्टीच्या चुऱ्याची अफाट तळी आहेत, हजारो एकरांची. तिथे आधीच इतके विष आहे, तर आणखी थोडे चालेल, असा विचार झाला. गावकऱ्यांना सांगितले गेले, की हा गाळ चुऱ्यावर पसरला की त्याच्यावर गवत येईल आणि धूळ उडायची थांबेल. गवत नीट आले नाही. वर दुसरी माती आणून टाकावी लागली. मिसूला हे विद्यापीठाचे, वकिलांचे, बोलक्या लोकांचे शहर. ऑपॉर्च्युनिटीत काही शे माणसे. ब्रॅड टायर या पत्रकाराने २०१३ मध्ये या गावावर एक पुस्तक लिहिले, तेव्हा कुठे मिसूलातल्या अनेकांना आपल्या स्वच्छ नदीची किंमत कुणाच्या दारात ठेवली गेली ते कळले. तरीही धरण काढणे योग्यच होते असे माझे मत आहे. नदीपात्रात, विहिरींच्या डोक्यावर ठेवण्यापेक्षा हा गाळ नदीपासून दूर, एका जागी असणे बरे. पण ज्या गावाने तो घेतला त्याला निर्णयाआधी विचारायला हवे होते आणि नंतर त्याची परतफेडही व्हायला हवी होती. नदी सुधारण्याच्या आराखड्यात गाळ उपसण्याचा खर्च असतो. गाळ स्वीकारणाऱ्या गावाचा रकाना नसतो.

आपल्याकडे २०१७ मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू झाली. तलावातला गाळ काढून शेतात पसरायचा, म्हणजे साठवण वाढते आणि जमीनही सुधारते. डोंगराळ पाणलोटातल्या, वर कारखाने नसलेल्या तलावांसाठी यासारखे सोपे आणि चांगले काम नाही. पण ज्या धरणांच्या वर औद्योगिक वसाहती आहेत तिथला गाळ ट्रॉलीत भरण्याआधी त्यातल्या धातूंची तपासणी झालीच पाहिजे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे पाणी खाली उजनीत जाते. धातू कुजत नाहीत, उन्हाने मरत नाहीत. एकदा वावरात पसरले की त्यांना परत गोळा करणे कुणाच्याही खिशाला परवडणारे नाही. मिलटाऊनचा सगळा खर्च बारा कोटी डॉलरच्या घरात गेला.

त्या खर्चात दोन वेगळी कामे होती. विष सुरक्षित मर्यादेखाली आणणे हे एक. ते कंपनीच्या पैशांतून, केंद्र सरकारच्या देखरेखीखाली झाले. पण विष गेले म्हणजे नदी झाली असे नाही. उरतो तो स्वच्छ खड्डा. नदी पुन्हा उभी करणे हे दुसरे काम. त्यासाठी माँटाना राज्याने १९८३ मध्येच आर्कोवर नैसर्गिक संपत्तीच्या नुकसानीचा दावा लावला होता. पंधरा वर्षांनी, १९९८ मध्ये, त्यातल्या बऱ्याचशा भागावर तडजोड होऊन २१.५ कोटी डॉलर ठरले. राज्याने मिलटाऊनमध्ये ही दोन्ही कामे एकमेकांत गुंफली, म्हणून तिथे नुसते भराव दिसत नाहीत.

नदी उभी करायची म्हणजे काय? आधी जवळपासचा न बिघडलेला नदीचा तुकडा शोधतात. पात्र किती रुंद, वळणे किती अंतरावर, पूर आला की पाणी काठ ओलांडून किती पसरते, हे मोजतात आणि तसेच पात्र कोरतात. काठ मुद्दाम बुटके ठेवतात, कारण पुराला पसरायला जागा मिळाली तर तो पात्र कापत नाही. काठ बांधण्याची रीत तर कोकणातल्या माणसाला चटकन समजेल. मातीचा थर घालतात, तो काथ्याच्या जाळीत गुंडाळतात, त्यावर वाळुंजाच्या फांद्या आडव्या अंथरतात, मग पुन्हा मातीचा थर, पुन्हा जाळी. फांद्यांची टोके पाण्याकडे. काही महिन्यांत त्यांना मुळे फुटतात. काथ्या चार-पाच वर्षांत कुजून जातो आणि तोवर मुळांनी काठ धरलेला असतो. काँक्रीट घातले असते तर काठ पहिल्या दिवसापासून भक्कम असता, पण माशांना सावली मिळाली नसती आणि किड्यांना जागा. डिसेंबर २०१० मध्ये क्लार्क फोर्क या नव्या पात्रात सोडली. २०११ च्या उन्हाळ्यातच मोठे पाणी आले. काही ठिकाणी काठ सरकले. नदीला सरकू देण्यासाठीच ती तशी घडवली होती.

आता मासे दोन्ही नद्यांत वर-खाली जातात, ट्रकची गरज उरलेली नाही. दाब गेल्यामुळे भूजलातले आर्सेनिक उतरत गेले. २०१८ मध्ये संगमावर राज्याचे उद्यान खुले झाले. वर, सिल्व्हर बो ओढ्याच्या काठचा चुराही १९९९ पासून दीड दशक खणून काढला गेला आणि तिथे मूळचे कटथ्रोट ट्राउट दिसू लागले. पण तिथे एक गोष्ट लक्षात आली. धातू काढले तरी काही पट्ट्यात मासे येईनात, कारण ब्यूट गावाचे सांडपाणी ओढ्यातला प्राणवायू खात होते. सांडपाण्याचा प्रकल्प सुधारावा लागला, तेव्हा कुठे मासे त्या पट्ट्याकडे वळले.

नदीत अजून काय उरले आहे, हे एका पक्ष्याने दाखवले. ऑस्प्रे हा जवळजवळ फक्त मासेच खाणारा शिकारी पक्षी. हिवाळ्यात तो आपल्याही धरणांवर दिसतो. माँटाना विद्यापीठाच्या अभ्यासकांनी क्लार्क फोर्ककाठच्या घरट्यांतून त्याची पिल्ले उतरवून रक्ताचे थेंब आणि पिसे घेतली. पिल्लू अजून उडत नाही, त्यामुळे त्याच्या अंगात जे सापडते ते घरट्याच्या आसपासच्या माशांतलेच असते. अभ्यासक तांबे आणि आर्सेनिक शोधत होते, पण अडचणीचा निघाला तो पारा. माग काढत गेल्यावर तो फ्लिंट नावाच्या उपनदीपाशी पोचला. तिथे एकोणिसाव्या शतकात चांदी वेगळी करण्यासाठी पारा वापरत असत. ब्यूटभोवती आखलेल्या साफसफाईत ही उपनदी नव्हतीच.

मिलटाऊन झाले, पण नदी पुरी झालेली नाही. अॅनाकाँडाजवळच्या वॉर्म स्प्रिंग्जपासून खाली कित्येक किलोमीटर काठाचा चुरा काढण्याचे काम तुकड्यातुकड्याने चालले आहे आणि त्यासाठी ठेवलेला पैसा कामापेक्षा वेगाने आटतो आहे. मिसूलाच्या खाली फ्रेंचटाऊनला कागदाच्या लगद्याची एक गिरणी होती. १९५७ मध्ये सुरू झालेली, २०१० मध्ये बंद पडली. तिच्या टाकाऊ गाळाची तळी नदीच्या पूरपट्ट्यातच आहेत आणि नदी व त्यांच्यामध्ये फक्त मातीचे बांध आहेत. बांध मजबूत करून तळी जागेवर ठेवायची, की बांध काढून गाळ हलवायचा, यावर तिथे तोच वाद पुन्हा चालू आहे. मिलटाऊनसाठी झगडलेली संघटना या वेळीही बांध काढण्याच्या बाजूने आहे, आणि हलवायचा तर तो गाळ कोणत्या गावाजवळ नेऊन ठेवायचा, हे याही वेळी ठरलेले नाही.